प्लेगचा कायदा आणि लोकांचा विश्वास

साथीचा रोग हा राजा आणि प्रजा यांच्या संबंधाची कसोटी पाहणारा प्रसंग होय. शांततेच्या काळांत सरकारी अंमलदार आणि सामान्य मनुष्य यांची गांठ क्वचितच पडते. सारा भरला, कज्जा निकालांत निघाला, कीं दोघेही आपापल्या मार्गानें जातात. पण साथ आली म्हणजे सरकार उंबरठा ओलांडून माजघरांत येतें, आजाऱ्याच्या अंथरुणाशीं उभें राहतें आणि त्याला उचलून नेण्याचा अधिकार सांगतें. अशा वेळीं लोक दार उघडतात कीं आंतून कडी लावतात, हें त्या दिवशीं ठरत नाहीं. त्याआधींच्या अनेक वर्षांच्या व्यवहारानें तें ठरलेलें असतें. १८९६ सालीं मुंबई इलाख्यांत शिरलेल्या प्लेगचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

१८९४ सालीं हाँगकाँग बंदरांत प्लेगचा कहर झाला आणि त्याच वर्षीं तेथें येर्सिन या शास्त्रज्ञानें त्या रोगाचे जंतु शोधून काढले. दोन वर्षांनीं हा रोग मुंबईस पोंचला. १८९६ च्या सप्टेंबरांत गोदीजवळच्या मांडवी भागांतील रोगी तपासतांना डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनीं हा ताप निराळा असल्याचें ओळखलें व शहराच्या कारभाऱ्यांस इशारा दिला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा आणि दाट वस्तीच्या चाळींचा मुलूख. रोगाला याहून सोयीचें घर मिळणें कठीण.

म्युनिसिपालिटीनें ऑक्टोबरच्या आरंभींच कडक उपाय योजले. कमिशनर स्नो यांनीं १८८८ च्या म्युनिसिपल कायद्याचा आधार घेऊन संशयित घरांत शिरण्याचा, तीं धुऊन काढण्याचा आणि रोग्यास सक्तीनें इस्पितळांत नेण्याचा हुकूम काढला. हेतु वाईट होता असें म्हणतां येणार नाहीं. तथापि त्या काळच्या मुंबईकर गरिबाच्या मनांत इस्पितळ म्हणजे काय होतें, याचा विचार या हुकुमामागें दिसत नाहीं. इस्पितळ म्हणजे जेथून माणूस परत येत नाहीं तें ठिकाण. प्लेगच्या रोग्यांपैकीं बहुतेक दगावत असत, आणि तेही पुष्कळदां दाखल झाल्यावर थोड्याच वेळांत. रोगानें मारलें कीं इस्पितळानें, हा भेद बाहेर उभ्या असलेल्या नातलगास कोण समजावून सांगणार? शिवाय जातपात, शिवाशीव, स्त्रियांची अब्रू आणि मृताचे अंत्यविधि हे सारे प्रश्न त्या एका फाटकापाशीं येऊन थबकत.

या अज्ञात जागेंत कल्पनेनें आपलें घर बांधलें. इस्पितळांत माणसांना उलटें टांगून त्यांच्या अंगांतून मोमियाई काढतात, अशी वदंता उठली. याच ऑक्टोबरांत कोणीं अज्ञात हातांनीं मुंबईंतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यास डांबर फासलें होतें. त्या अपमानानें राणी कोपली असून शांत होण्यासाठीं तिनें मुंबईकरांचीं काळजें मागितलीं आहेत, असेंही लोक बोलूं लागले. हीं बोलणीं हास्यास्पद वाटतात खरीं. परंतु इतिहासकारानें तीं हंसून सोडून देऊं नयेत. राज्यकर्ता आपल्याकडे औषध देण्यासाठीं येत नसून घेण्यासाठीं येतो, हा रयतेचा जुना अनुभव या गोष्टींत बोलत होता. २९ ऑक्टोबर १८९६ रोजीं सुमारें एक हजार गिरणी कामगारांनीं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. त्यानंतर हुकुमाची धार बोथट करण्यांत आली आणि घरीं वेगळें ठेवण्याची नीट सोय असेल त्या रोग्यास हलवूं नये असें ठरलें. ज्यांना शक्य होतें ते शहर सोडून निघाले. १८९७ च्या फेब्रुवारीअखेर साडेआठ लाख वस्तीच्या मुंबईंतून पावणेचार लाखांवर माणसें बाहेर पडलीं होतीं, आणि रोगही त्यांच्याबरोबर गांवोगांव जात होता.

तिकडे युरोपांत निराळीच धास्ती पसरली होती. हिंदुस्थानचा माल आपल्या बंदरांत घेतल्यास प्लेग येईल, या भयानें तेथील सरकारें व्यापार अडविण्याच्या गोष्टी करूं लागलीं, आणि १८९७ च्या आरंभीं व्हेनिस येथें आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. हिंदुस्थान सरकारला कांहीं तरी ठळक करून दाखविणें भाग होतें. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. अवघीं चार कलमें, पण अधिकार अफाट. रोग आवरण्यास जरूर वाटेल तो उपाय सरकारनें योजावा, न मानणाऱ्यास शिक्षा व्हावी, आणि या कायद्याखालीं सद्भावनेनें केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणावर दावा चालूं नये. हें शेवटचें कलम वाचतांना पुढच्या साऱ्या अनर्थाचें बीज तेथें दिसतें. अधिकार दिला, पण त्याचा हिशेब मागण्याची जागा ठेवली नाहीं.

पुण्यांत प्लेग फैलावला तेव्हां दक्षिणेंत दुष्काळही चालू होता. सारा माफ होईल कीं नाहीं या विवंचनेंत शेतकरी होते. अशा स्थितींत सरकारनें पुण्यास खास प्लेग कमिटी नेमली आणि तिचे अध्यक्षपद वॉल्टर चार्ल्स रँड या मुलकी अधिकाऱ्याकडे दिलें. रँड त्यापूर्वीं साताऱ्यास होते, आणि वाईच्या वाद्यांच्या प्रकरणांत तेथील प्रतिष्ठित लोकांवर त्यांनीं खटले चालविल्यामुळें त्यांचें नांव पुण्यास अपरिचित नव्हतें. मार्चच्या मध्यास गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर झडती घेऊं लागल्या. एतद्देशीय माणसांवर भिस्त ठेवतां येत नाहीं, असा सरकारचा समज होता. अविश्वास एकाच बाजूस नव्हता, हें या ठिकाणीं लक्षांत घेतलें पाहिजे.

झडतीची रीत अशी: गल्ली दोन्ही टोकांस रोखावयाची, कुलुपें असल्यास तोडावयाचीं, देवघर व माजघर यांसकट सर्व खोल्या तपासावयाच्या, रोगी सांपडल्यास इस्पितळांत आणि त्याच्या घरच्यांस विलगीकरणाच्या छावणींत धाडावयाचें, आणि संशयित सामान जाळावयाचें. धर्मभावना दुखावूं नयेत अशा सूचना कागदावर होत्या. पण परक्या भाषेच्या, हातीं बंदूक असलेल्या शिपायास त्या सूचनांचें मर्म कळणार कसें? वस्तु नाहींशा झाल्याच्या व स्त्रियांचा अवमान झाल्याच्या तक्रारी वाढूं लागल्या.

पुण्याच्या पुढाऱ्यांचा उपायांनाच विरोध होता, हा समज मात्र खरा नव्हे. लोकमान्य टिळकांनीं शहर सोडलें नाहीं. त्यांनीं हिंदु प्लेग इस्पितळ उभारण्यांत पुढाकार घेतला आणि रोग्यांस वेगळें ठेवण्याची आवश्यकता ‘केसरी’तून लोकांना सांगितली. शहराबाहेर डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यांत रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले यांना प्लेगनें गांठलें आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. भिन्न मतांच्या या माणसांनीं रोगाशीं झगडण्यांत कसूर केली नाहीं. त्यांचें म्हणणें इतकेंच होतें कीं, उपाय लोकांना बरोबर घेऊन व्हावेत. हा मधला मार्ग सरकारनें वापरला असता, तर शिपायाला जें साधलें नाहीं तें शेजाऱ्याला साधलें असतें.

तक्रारींचें पुढें काय झालें, तें नामदार गोखले यांच्या प्रकरणावरून कळतें. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं इंग्लंडांत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून, शिपायांनीं दोन स्त्रियांवर अत्याचार केले व त्यांपैकीं एकीनें जीव दिला, असें त्यांनीं तेथील वृत्तपत्रास सांगितलें. जुलै महिन्यांत ते परतले तेव्हां पुरावा पुढें येईना, आणि पत्रें लिहिणारांचीं नांवें उघड करणें त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनीं बिनशर्त माफी मागितली. या माफीबद्दल त्यांना स्वकीयांकडून पुष्कळ सोसावें लागलें. पण प्रश्न उरतोच. पुरावा नव्हता, कीं पुरावा घेऊन पुढें येण्याची कोणाची छाती नव्हती? निर्भय चौकशीची सोय नसली, म्हणजे खरी तक्रार आणि खोटी आवई या दोहोंचा चेहरा एकसारखा दिसूं लागतो. त्यांत नुकसान लोकांचें होतें, तितकेंच सरकारचेंही होतें. कारण निरपराध अधिकाऱ्यालाही मग आपली निर्दोषता सिद्ध करतां येत नाहीं.

२२ जून १८९७ रोजीं व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव होता. त्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर परतणाऱ्या रँड यांच्यावर दामोदर चापेकर यांनीं गोळी झाडली आणि मागच्या गाडींतील लेफ्टनंट आयर्स्ट हेही मारले गेले. रँड ३ जुलै रोजीं मरण पावले. यानंतर सरकारनें नातू बंधूंना १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखालीं चौकशीवांचून अटकेंत ठेवलें, टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरून सप्टेंबरांत त्यांना दीड वर्षाची शिक्षा दिली. दामोदर व पुढें बाळकृष्ण आणि वासुदेव हे चापेकर बंधु, तसेच त्यांचे सोबती महादेव रानडे, १८९८ व १८९९ या दोन सालांत फांसावर गेले. रोगनिवारणाच्या कामाचा शेवट खून, खटले आणि फांसावर व्हावा, याहून त्या कामाची मोठी हार कोणती?

आणि एवढें करून रोग हटला काय? पुण्यांत मे महिन्यांत तो ओसरला. पण त्याच वर्षीं पावसाळ्यानंतर पुन्हा उद्भवला. ९ मार्च १८९८ रोजीं मुंबईंत मदनपुऱ्याच्या विणकर वस्तींत एका मुलीच्या तपासणीवरून दंगा पेटला आणि गोळीबार झाला. १९०० च्या एप्रिलांत कानपुरास विलगीकरणाच्या छावणीवर जमाव चालून गेला. जेथें सक्ती, तेथें रोगी लपविण्याची युक्ति. जेथें युक्ति, तेथें रोगाचा गुप्त प्रसार.

या सर्वांवर कडी करणारी गोष्ट शास्त्रानें पुढें उघड केली. १८९८ सालीं सिमोन या फ्रेंच डॉक्टरानें कराचीस प्रयोग करून, प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत पसरतो असें दाखविलें. प्रारंभीं त्याची टवाळी झाली. १९०५ नंतर मुंबईस परळ येथें लिस्टन प्रभृति संशोधकांनीं केलेल्या कामानें तें निर्विवाद ठरलें. म्हणजे ज्या काळांत शिपाई माणसें उचलून नेत होते, त्या काळांत खरा वाहक घराच्या भिंतींतून आणि धान्याच्या पोत्यांतून निर्धास्त फिरत होता. अपुरें ज्ञान हा अपराध नव्हे. अपुऱ्या ज्ञानावर पुऱ्या खात्रीचा आव आणणें हा मात्र खचित अपराध होय.

विश्वासानें काय साधतें, याचीं उदाहरणेंही याच काळांत सांपडतात. डॉ. हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. तरुण आगाखान यांनीं आपल्या अनुयायांसमक्ष टोचून घेऊन त्यांची भीति घालविली. येथें हुकूम नव्हता, उदाहरण होतें. पण विश्वास हें नाजूक धन आहे. १९०२ सालीं पंजाबांत मुलकोवाल येथें टोचलेल्यांपैकीं १९ माणसें धनुर्वातानें मेलीं आणि लशीवरचा लोकांचा भरवसा उडाला. हाफकिन यांच्यावर आलेला ठपका दूर होण्यास १९०७ साल उजाडावें लागलें.

हळूहळू सरकारही शिकलें. विसावें शतक उजाडतांना सक्तीच्या झडत्या मागें पडल्या आणि स्वेच्छेनें टोचून घेणें, घर सोडून मोकळ्यावर राहणें आणि जातवार इस्पितळें यांवर भर देण्यांत आला. परंतु तोंवर पुष्कळ उशीर झाला होता. पुढील तीन दशकांत या रोगानें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं.

१८९७ चा तो चार कलमी कायदा मात्र राज्य बदलल्यावरही टिकून राहिला. २०२० सालीं कोरोनाची साथ आली तेव्हां स्वतंत्र भारताच्या सरकारांनीं त्याचाच आधार घेतला. त्या वर्षीं वैद्यकीय सेवकांवरील हल्ल्यांस कडक शिक्षा ठरविण्यासाठीं त्यांत दुरुस्ती करावी लागली, हेंही सूचक आहे. कायद्याचा कागद जुना असला तरी चालतो. त्यामागचा संबंध जुना राहून चालत नाहीं. साथीच्या वेळीं सरकारास तीन गोष्टी कराव्या लागतात: माहीत असेल तें सांगणें, माहीत नसेल तें कबूल करणें आणि चूक झाल्यास तिची दाद लागूं देणें. रँड यांच्या पुण्यांत शिपाई पुष्कळ होते, औषधी द्रावणें पुष्कळ होतीं, कागदावर नियमही पुष्कळ होते. तक्रार घेऊन जाण्यासाठीं एक दार मात्र कोठें उघडें नव्हतें.