इंजिन बाहेरच राहिलं

डॉक्टरच गिळून टाकायचा, ही कल्पना रिचर्ड फाइनमनच्या नावावर खपते. पण २९ डिसेंबर १९५९ ला कॅलटेकमध्ये केलेल्या त्या गाजलेल्या भाषणात त्यानं स्वतःच सांगितलंय, की ही कल्पना आपला मित्र अल्बर्ट हिब्जची. चिमुकला सर्जन गिळायचा, तो रक्तातून हृदयात जाणार, बिघडलेली झडप शोधणार आणि कापणार! १९६६ मध्ये हॉलिवूडनं 'फँटॅस्टिक व्हॉयेज'मध्ये तर अख्खी पाणबुडी माणसांसकट बारीक करून रक्तात सोडली.

सिनेमा मला आवडतो. पण त्या पाणबुडीनं आपली सगळ्यांची दिशाभूल केली, असं माझं मत आहे.

का, ते हार्वर्डच्या एडवर्ड पर्सेलनं १९७६ मधल्या एका व्याख्यानात फार मजेत सांगितलं. जंतूएवढ्या आकाराला पाणी काकवीसारखं घट्ट लागतं. पोहणं थांबवलं, की जंतू अणूच्या व्यासापेक्षाही कमी अंतरात जागच्या जागी थबकतो. तिथे शिंपल्यासारखी उघडझाप करून काही उपयोग नाही. उघडताना जेवढं पुढे, मिटताना तेवढंच मागे. मग जंतू पोहतात कसे? त्यांची शेपटी मळसूत्रासारखी गोल फिरते. हे १९७३ मध्येच हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी दाखवून दिलं होतं.

इकडे डॉक्टर मंडळींची घाई वेगळी होती. आमच्या घरात एकदा केमोथेरपी झाली, तेव्हा ती मला कळली. गाठ सुपारीएवढी, आणि औषध मात्र केसांपासून नखांपर्यंत सगळीकडे! १९९६ मध्ये बर्लिनच्या डॉक्टरांनी १४ रुग्णांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोहाच्या सूक्ष्म कणांना कर्करोगाचं औषध चिकटवायचं, शिरेत सोडायचं आणि गाठीपाशी बाहेरून लोहचुंबक धरायचं. काहींच्या बाबतीत कण गाठीत जमले, पण बरेचसे यकृतात गेले. रक्ताच्या वाहत्या ओढीपुढे चुंबकाचं फारसं चाललं नाही.

२००७ मध्ये माँट्रियलच्या सिल्व्हां मार्टेलच्या गटानं जिवंत डुकराच्या मानेतल्या रोहिणीतून दीड मिलिमीटरची लोखंडी गोळी हवी तशी फिरवून दाखवली, तीही रुग्णालयातल्या एमआरआय यंत्रानं. (ज्या शोधावर हे यंत्र उभं आहे, त्याबद्दल १९५२ चं नोबेल पर्सेललाच मिळालं होतं!) पण इथे एक मेख आहे. गोळी दहापट बारीक केली, की तिच्यावरची चुंबकाची ओढ हजारपट घटते आणि पाण्याचा विरोध मात्र दहापटच. म्हणजे जितकं बारीक, तितकं ओढणं कठीण.

म्हणून ओढायचं सोडून फिरवायचं ठरलं. २००९ मध्ये अंबरीश घोष आणि पीअर फिशर यांनी केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक काचेची मळसूत्रं बनवली, त्यांवर कोबाल्टचा थर दिला आणि फिरत्या चुंबकीय क्षेत्रानं ती चालवली. मोटर नाही, बॅटरी नाही. हा रोबो म्हणजे नुसता स्क्रू, इंजिन आणि चालक दोघेही बाहेर! घोष पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. तिथल्या गटानं २०२२ मध्ये अशीच मळसूत्रं काढलेल्या दातांच्या सूक्ष्म नलिकांत घुसवली. रूट कॅनॉलनंतरही जंतू दडून बसतात, ते तिथेच.

वर्तमानपत्रांत मात्र दर दोन वर्षांनी 'कर्करोगावर नॅनोरोबोची मात' छापून येतं, आणि घरात पेशंट असलेले लोक ते कात्रण घेऊन डॉक्टरांकडे जातात. मला याचा राग येतो.

२०२५ च्या नोव्हेंबरात झुरिकच्या ईटीएचमधल्या ब्रॅडली नेल्सन यांच्या गटानं डुकरांत आणि मेंढीत वापरलेला रोबो तर जिलेटिनचा एक मणी आहे. आत चुंबकासाठी लोहाचे कण, एक्स-रेत दिसावा म्हणून टँटलम, आणि औषध. ठिकाणी पोचला की चुंबकीय क्षेत्रानंच तापवायचा, म्हणजे विरघळतो.