राजीनामा आणि पोटनिवडणूक

मुंबई इलाख्यातील रयतवारीत जमीन सोडणारा राजीनामा देई आणि घेणारा कबुलायत लिहून देई; हस्तांतरास दोन्ही कागद लागत. राजकीय राजीनाम्यास जोडावयाचा दुसरा कागद कोणाच्या हाती असतो?

डॉ. ना. भा. खरे यांनी २० जुलै १९३८ रोजी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला, लगेच नवे मंत्रिमंडळ बनविले आणि २३ जुलैला तेही सोडले. हा राजीनामा पदाचा होता, सदस्यत्वाचा नव्हे. त्यामुळे पोटनिवडणुकीचा प्रसंग आला नाही. काँग्रेस पक्षाने वर्ध्यास बसून पं. रविशंकर शुक्ल यांना नेता निवडले. निर्णय वर्धा जिल्ह्यात झाला, परंतु त्याच जिल्ह्यातील आंजी (मोठी) येथील मतदारास त्यात स्थान नव्हते.

याउलट, २००५ मध्ये शिवसेनेशी फारकत झाल्यावर नारायण राणे यांनी आमदारकीचाच राजीनामा दिला. नोव्हेंबरात मालवणला पोटनिवडणूक झाली आणि काँग्रेसचे उमेदवार म्हणून ते निवडून आले. त्यांच्या पक्षांतराचा कौल मतदारांनी दिला.

शब्द एकच असला तरी हे दोन राजीनामे भिन्न होत. सोडलेल्या पदाची कबुलायत पक्ष लिहितो. सोडलेल्या प्रतिनिधित्वाची मात्र मतदारच लिहू शकतो.