लज्जा : इंग्रजी व तुर्की भाषांतील अर्थ

आपल्या हातून घडलेल्या वा आपल्याशी जोडल्या गेलेल्या एखाद्या गोष्टीमुळे लोकांच्या किंवा स्वतःच्या नजरेतून आपण उतरलो, या जाणिवेने मनाला होणाऱ्या यातनेला लज्जा, लाज किंवा शरम म्हणतात. चार्ल्स डार्विन याने १८७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानव व प्राणी यांच्या भावाभिव्यक्तीवरील ग्रंथात लाजेने चेहरा लाल होण्याला स्वतंत्र प्रकरण दिले आणि ही खूण निरनिराळ्या मानववंशांत आढळते, असे दाखवण्याचा प्रयत्न केला. भावना अशी सर्वत्र सापडत असली, तरी तिच्याभोवतीच्या शब्दांची वाटणी प्रत्येक भाषेने आपापल्या सामाजिक गरजेप्रमाणे केलेली असते. इंग्रजीने ‘शेम’ या एकाच शब्दावर बरेच ओझे टाकले आहे, तर तुर्कीने भावना, तिला जागवणारा लोकांचा निवाडा आणि तिच्यापासून वाचवणारा गुण यांना वेगवेगळे शब्द दिले आहेत.

‘शेम’ हा मूळचा जर्मानिक शब्द असून प्राचीन इंग्रजीत तो ‘शेआमु’ अशा रूपात आढळतो. त्याचे मूळ ‘झाकणे’ या अर्थाच्या धातूत असावे, असा तर्क केला जातो. तो आकर्षक आहे, पण निर्विवाद नाही. जर्मन भाषेत मनातली लाज (‘शाम’) आणि लोकांत झालेली बेअब्रू (‘शांडे’) यांना दोन शब्द आहेत, तर इंग्रजी शब्द या दोन्ही अर्थांनी चालतो. पूर्वी त्यात विनयाचाही अर्थ ठळक होता. लाजेने बांधलेला, म्हणजे मर्यादशील, अशा अर्थाचा ‘शेमफास्ट’ हा जुना शब्द पुढे त्यातील ‘फास्ट’ या घटकाचा अर्थ लोकांना कळेनासा झाल्यावर ‘शेमफेस्ड’ झाला आणि त्याबरोबर गुणवाचक विशेषण खाली मान घातलेल्या अपराध्याचे वर्णन बनले. विनयाची ती छटा आज मुख्यतः निर्लज्जपणाची निंदा करणाऱ्या प्रयोगांत उरली आहे.

लाज ही इंग्रजी भाषकांची केवळ अंतर्मुख भावना होती, असे मात्र म्हणता येत नाही. माणसाला भर बाजारात लाकडी खोड्यात मान व हात अडकवून उभे करण्याची शिक्षा इंग्लंडमध्ये १८३७ पर्यंत कायद्यात होती, आणि नॅथॅनिएल हॉथॉर्न याच्या ‘द स्कार्लेट लेटर’ या १८५० सालच्या कादंबरीचे कथानक एका स्त्रीच्या छातीवर लोकांना दिसेल असे मिरवावे लागणाऱ्या लाल अक्षरावरच उभे आहे. विसाव्या शतकात मानसशास्त्राने ‘शेम’ आणि ‘गिल्ट’, म्हणजे अपराधभाव, यांची फारकत पक्की केली. हेलन ब्लॉक लुइस या अमेरिकी मनोविश्लेषक विदुषीने १९७१ च्या ग्रंथात मांडल्यानुसार अपराधभावात माणूस केलेल्या कृतीला दोष देतो, तर लाजेत तो सबंध स्वतःलाच दोषी ठरवतो. चारचौघांत फजिती झाल्यावर वाटणारा ओशाळेपणा ‘एम्बॅरसमेंट’ या फ्रेंचमधून आलेल्या शब्दाकडे गेला. अशा रीतीने सौम्य छटा दुसरीकडे गेल्यामुळे ‘शेम’ हा शब्द आजच्या इंग्रजीत जड व वेदनादायक झाला आहे.

याच शब्दाचा एक उपयोग मात्र पूर्ण हलका आहे. सहल पावसामुळे रद्द झाली, तरी इंग्रजी भाषक ‘व्हॉट अ शेम’ म्हणतो. तेथे कोणाचा दोष नसतो, केवळ हळहळ असते. दक्षिण आफ्रिकेच्या इंग्रजीत तर नुसते ‘शेम’ हे उद्गारवाचक सहानुभूतीने किंवा तान्ह्या मुलाकडे पाहून कौतुकानेही उच्चारले जाते. ब्रिटिश संसदेत निषेधासाठी दिली जाणारी याच शब्दाची आरोळी भारतातील सभागृहांत आली आणि ‘शेम शेम’ या जोडघोषाच्या रूपाने मराठी मोर्चांतही रुळली.

तुर्कीत लाजेच्या भावनेला ‘उतांच’ म्हणतात. ‘उतानमाक’ (लाजणे) या क्रियापदापासून हे नाम बनले असून त्याचा संबंध विनय व लाज या अर्थाच्या ‘उवुत’ या प्राचीन तुर्की शब्दाशी लावला जातो. हे क्रियापद पंचमीसारखी विभक्ती घेते, त्यामुळे ‘बाबामदान उतानदिम’ या वाक्याचे, वडिलांपुढे मला संकोच वाटला आणि वडिलांच्या वागण्याची मला शरम वाटली, असे दोन्ही अर्थ होऊ शकतात. इंग्रजीला येथे निरनिराळी रचना करावी लागते. मराठीतील ‘मला बाबांची लाज वाटली’ हे वाक्य मात्र तुर्कीइतकेच द्व्यर्थी आहे. ज्याच्या नजरेची भीड वाटते तो आणि ज्याच्यामुळे मान खाली जाते तो, या दोघांना व्याकरणाने एकाच जागी बसवले आहे, ही बाब दोन्ही भाषांच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे.

रोजच्या व्यवहारात याहून अधिक कानावर येणारा शब्द ‘आयिप’ हा आहे. तो भावनेचे नाव नसून कृतीवरचा शेरा आहे. दोष या अर्थाच्या ज्या अरबी शब्दापासून तो आला, त्याच शब्दापासून फार्सीमार्गे मराठीत ‘ऐब’ आला. मूळ अर्थ तुर्की कायद्याने जपला असून ग्राहक संरक्षणाच्या २०१३ च्या कायद्यात सदोष वस्तूला ‘आयिपली माल’ असेच म्हटले आहे. माणसांच्या बाबतीत मोठ्यांसमोर पाय पसरून बसणे, पाहुण्याला चहा न विचारणे, यजमानाने वाढलेले नाकारणे हे सर्व ‘आयिप’ ठरते, आणि मुलाला समज यायच्या आतच हा शब्द त्याच्या कानावर पडतो. वर्ज्य गोष्टींचे तुर्की लोक ‘आयिप, ग्युनाह, यासाक’ असे त्रिकूट सांगतात. पहिली समाजाला न शोभणारी, दुसरी धर्माने पाप ठरवलेली आणि तिसरी अधिकाऱ्याने मना केलेली. यातील ‘ग्युनाह’ म्हणजे मराठीतला ‘गुन्हा’च, फार्सीतून दोन्हीकडे गेलेला हा शब्द तुर्कीत धर्माच्या कक्षेत राहिला आणि मराठीत फौजदारीत गेला. अपराधभावासाठी तुर्कीला ‘सुच’, म्हणजे कायद्याने ठरवलेला अपराध, यापासून ‘सुचलुलुक’ हा शब्द साधावा लागला.

तिसरा गट गुणवाचक शब्दांचा आहे. ‘आर’, ‘हाया’ आणि ‘एदेप’ हे अरबीतून आलेले शब्द माणसाकडे असावी अशी लाज, भीड व अदब दाखवतात. ती नसलेला तो ‘आरसिझ’ किंवा ‘एदेपसिझ’. ‘माहजुप’ या शब्दाचा मूळ अरबी अर्थ पडद्याआड असलेला असा असून तो ‘हिजाब’ या शब्दाच्याच धातूपासून आला आहे. भेट मिळाल्यावर वा स्तुती ऐकल्यावर ‘माहजुप एत्तिनिझ’, म्हणजे तुम्ही मला लाजवलेत, असे म्हणणे हा शिष्टाचार आहे आणि त्यात दुःखाचा लवलेशही नसतो. कलंकाला तुर्कीत ‘यूझ कारासी’, म्हणजे तोंडाची काळिमा, म्हणतात, तर निर्लज्ज माणूस ‘यूझसूझ’, म्हणजे तोंडच नसलेला, ठरतो. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या तुर्की भाषा संस्थेने अरबी व फार्सी शब्द हटवण्याची मोठी मोहीम चालवली, तिच्या ओघात ‘हिजाप’ हा लाजेचा जुना शब्द मागे पडला. ‘आयिप’ मात्र हलला नाही, कारण तो ग्रंथांत नव्हे, घराघरांत नांदत होता.

‘व्हॉट अ शेम’मधल्या हळहळीच्या बाबतीत दोन्ही भाषा अनपेक्षितपणे जवळ येतात. ‘याझिक’ म्हणजे ‘अरेरे, वाईट झाले’. पण प्राचीन तुर्कीत त्याचा पूर्वरूप शब्द पाप या अर्थाचा होता, आणि ‘याझिकलार ओलसुन’ म्हटले की आजही तो थेट धिक्कार होतो.

लाजेचा सर्वांत कठोर पैलू ‘नामुस’ या शब्दात आहे. ग्रीक ‘नोमोस’ (नियम) अरबीमार्गे तुर्कीत आला आणि त्याचा अर्थ सचोटी व अब्रू, विशेषतः स्त्रीच्या लैंगिक आचरणावर टांगलेली घराण्याची अब्रू, असा झाला. मराठीतील ‘नामोशी’ हा शब्दही याच कुळातला मानतात. कर्तृत्वाने वाढणारी प्रतिष्ठा ‘शेरेफ’ होय. ‘नामुस’ वाढवता येत नाही, ती केवळ राखता वा गमावता येते. मायकेल मीकर या मानववंशशास्त्रज्ञाने काळ्या समुद्राकाठच्या तुर्कांविषयीच्या १९७६ च्या लेखनात हा भेद विवेचिला आहे. या कल्पनेपायी स्त्रियांचे खून झाले आणि होतात. २००४ मध्ये संमत होऊन १ जून २००५ पासून लागू झालेल्या तुर्की दंडसंहितेने ‘तोरे’, म्हणजे रूढी, या हेतूने केलेल्या खुनाला कडक जन्मठेप ठेवली. कायद्यात ‘नामुस’ हाच शब्द हवा, ही स्त्री-संघटनांची मागणी मान्य झाली नाही. ती मागणी रास्त होती, कारण रूढीचे नाव घेतले की दोष दूरच्या खेड्यांवर ढकलता येतो आणि शहरी घरातला खून त्या कलमातून निसटू शकतो.

रूथ बेनेडिक्ट या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने १९४६ मध्ये जपानवरील ग्रंथात लोकलज्जेवर चालणाऱ्या आणि अपराधभावावर चालणाऱ्या संस्कृती असा भेद केला, तेव्हापासून तुर्कस्तानसारख्या समाजांना पहिल्या रकान्यात बसवण्याची सवय लागली. ‘एल आलेम ने देर’, म्हणजे ‘लोक काय म्हणतील’, हा तुर्की घरांतला नित्याचा प्रश्न या वर्गीकरणाला अनुकूल वाटतो. पण ‘हाया’ ही कोणी पाहत नसतानाही माणसाला आवरते आणि परंपरेने तिला ईश्वरासमोरची लाज मानले आहे. मराठीतील ‘जनाची नाही तर मनाची’ ही उक्तीही दोन्ही लाजा एकाच माणसात धरते. बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञाने १९९३ मध्ये प्राचीन ग्रीकांच्या संदर्भात दाखवले की, लाजेत ज्याची नजर जाणवते तो आपण मनात आदराने बाळगलेला साक्षीदार असू शकतो. ते विवेचन तुर्की शब्दांना बेनेडिक्टच्या वर्गीकरणापेक्षा अधिक लागू पडते.

सलमान रश्दी यांची ‘शेम’ आणि जे. एम. कूट्सी यांची ‘डिसग्रेस’ या दोन निराळ्या शीर्षकांच्या कादंबऱ्या तुर्कीत ‘उतांच’ या एकाच नावाने प्रसिद्ध आहेत. उलट दिशेने ‘उतांच’, ‘आयिप’ आणि ‘हाया’ या तिन्हींसाठी इंग्रजी अनुवादांत ‘शेम’ येऊ शकतो. तुर्की साहित्य मराठीत प्रामुख्याने इंग्रजीवरून येते, त्यामुळे अनुवादकाने शक्य तेथे मूळ शब्द तपासावा आणि ‘उतांच’साठी लाज वा शरम, ‘हाया’साठी भीड वा मर्यादा, तर ‘आयिप’साठी ‘हे शोभत नाही’ असा प्रयोग योजावा.