युद्धकाळातील व्यापारी खलाशांचे पदक आणि भारतीय दर्यावर्दी

नवी दिल्ली : पहिल्या महायुद्धात शत्रूच्या पाणबुड्यांची पर्वा न करता सागरी मालवाहतूक सुरू ठेवणाऱ्या खलाशांसाठी ब्रिटिश सरकारने १९१९ मध्ये ‘मर्कंटाइल मरीन वॉर मेडल’ हे स्वतंत्र पदक सुरू केले. ब्रिटिश जहाजांवरील भारतीय खलाशी, म्हणजेच तत्कालीन भाषेतील ‘लास्कर’, यांचाही त्याच्या मानकऱ्यांत समावेश होता.

धोक्याच्या सागरी क्षेत्रातून किमान एक सफर केलेल्या खलाशांना हे कांस्यपदक देण्यात आले. त्याच्या मागील बाजूस खवळलेल्या समुद्रातील व्यापारी जहाज आणि बुडणारी पाणबुडी कोरलेली आहे. फितीतील हिरवा, पांढरा व लाल हे रंग जहाजावरील दिव्यांचे निदर्शक आहेत.

दुसऱ्या महायुद्धात असे स्वतंत्र पदक नव्हते. व्यापारी खलाशांना सैनिकांप्रमाणेच ‘१९३९-४५ स्टार’, ‘अटलांटिक स्टार’, ‘बर्मा स्टार’ आदी पदकांसाठी पात्र ठरविण्यात आले.

या सेवेत कोकण व गोव्याचा वाटा मोठा होता. रत्नागिरी, कुलाबा या जिल्ह्यांतील सारंग, तांडेल व खलाशी प्रामुख्याने डेकवर, तर गोव्यातील कर्मचारी भोजनगृह व स्वयंपाकघरात काम करीत. भारतीयांचे वेतन मात्र ब्रिटिश खलाशांच्या तुलनेत फारच कमी होते. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच वेतनवाढीसाठी त्यांनी अनेक बंदरांत संप केले.

मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेले ‘तिलावा’ हे प्रवासी जहाज २३ नोव्हेंबर १९४२ रोजी जपानी पाणबुडीने बुडविले. त्यात प्रवासी व खलाशी मिळून २८० जणांना प्राण गमवावे लागले.

दिल्लीतील इंडिया गेट हे भूदलाच्या सैनिकांचे स्मारक म्हणून ओळखले जाते. समुद्राखेरीज अन्य कबर न लाभलेल्या खलाशांचे स्मारक मुंबईत मस्जिद बंदर येथील इंडियन सेलर्स होममध्ये आहे. तेथे पहिल्या महायुद्धातील दोन हजारांहून अधिक, तर दुसऱ्या महायुद्धातील व्यापारी नौकांवरील सुमारे सहा हजार खलाशांचे स्मरण जतन केले आहे.

पहिल्या महायुद्धातील या पदकाच्या कडेवर केवळ खलाशाचे नाव असते. हुद्दा वा जहाजाचा उल्लेख नसतो. एकाच नावाचे अनेक खलाशी असल्याने नुसत्या पदकावरून पूर्वजाची ओळख पटविणे वारसांना कठीण जाते. त्यामुळे घरातील जुनी सेवापुस्तिका, गावाचे व वडिलांचे नाव, तसेच जहाजाची नोंद हे पुरावे पदकाइतकेच मोलाचे ठरतात.