न भरलेला फॉर्म

सॉफ्टवेअर लिहिताना एक गोष्ट मला रोज दिसते: डिफॉल्ट सेटिंग बदलायला फार थोडे लोक जातात. अमेरिकेतल्या निवृत्तीच्या बचतीचा अलीकडचा इतिहास बराचसा याच सवयीचा आहे.

१९७८च्या करकायद्यात ४०१(के) हे कलम आलं. टेड बेना या सल्लागाराने १९८०मध्ये ते बारकाईने वाचलं आणि त्यातून एक योजना उभी केली: कर लागण्याआधीच पगारातून बचत कापायची, वर कंपनीने भर घालायची. आपल्या पीएफसारखी सक्ती नव्हती. फॉर्म कर्मचाऱ्यानेच भरायचा. अनेकांचा तो राहूनच जायचा.

एप्रिल १९९८मध्ये एका मोठ्या कंपनीने योजनेच्या दस्तऐवजात दुरुस्ती केली. नव्या माणसाच्या पगारातून ३ टक्के आपोआप कापायचे; नको असेल त्याने तसं कळवायचं. ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शे यांचा यावरचा अभ्यास २००१मध्ये आला. दुरुस्तीच्या आदल्या वर्षी लागलेल्यांपैकी ४९ टक्के लोक योजनेत होते, नंतर लागलेल्यांपैकी ८६ टक्के.

मला मात्र या यशाची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. पगाराच्या ६ टक्क्यांपर्यंतच्या बचतीवर कंपनी निम्मी भर घालत होती. तरी बहुतेक नवे लोक ३ टक्क्यांवरच थांबले. एरवी स्वतःहून जास्त भरले असते, असेही काही त्यांत होते. दस्तऐवजातला आकडा लोकांनी कंपनीचा सल्लाच मानला असावा, असं या संशोधकांना वाटलं.

मग दुरुस्तीचीही दुरुस्ती झाली. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी सुचवलं, की पगारवाढीसोबत बचतीचा टक्काही वाढवायचा. पहिल्या प्रयोगात ही सोय स्वीकारणाऱ्यांची बचत ४० महिन्यांत ३.५वरून १३.६ टक्क्यांवर गेली. २००६च्या कायद्याने आपोआप नोंदणीतल्या कायदेशीर अडचणी दूर केल्या. २०२२च्या कायद्याने बहुतेक नव्या योजनांना ती २०२५पासून बंधनकारक केली, दरवर्षीच्या १ टक्का वाढीसह.

सुरुवातीचा किमान आकडा मात्र आजही ३च आहे. बाहेर पडायची मुभा प्रत्येकाला आहे. पण जो काहीच करत नाही, त्याच्या म्हातारपणाची तरतूद दस्तऐवज लिहिणाराच ठरवतो.