उशाहिदी आणि शहीद

‘उशाहिदी’ हे संकेतस्थळाचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते जपानी वाटलं होतं. निघालं स्वाहिली! ‘शाहिदी’ म्हणजे साक्षीदार. आधी ‘उ’ जोडला की झाली साक्ष. अरबी व्यापाऱ्यांच्या गलबतांतून हा शब्द पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला. म्हणजे आपल्या ‘शहीद’चा भाऊच की!

आधी हे संकेतस्थळ जिथे जन्मलं त्या केनियाचं उरकतो. २७ डिसेंबर २००७ला निवडणूक झाली, ३० तारखेला राष्ट्राध्यक्ष किबाकी विजयी घोषित झाले आणि देश पेटला. हजाराहून अधिक माणसं मेली. थेट प्रक्षेपणावर सरकारने बंदी घातली. ओरी ओकोलो या वकील बाईंनी ३ जानेवारीला जाहीर विचारलं, कुठे काय घडतंय ते नकाशावर मांडून देईल का कुणी? काही दिवसांतच तसं संकेतस्थळ उभं राहिलं. एसएमएस करा, नकाशावर खूण उमटेल. नाव ठेवलं उशाहिदी.

आता मूळ मुद्दा. साक्षीदाराचा हुतात्मा झाला कसा? कुराणात ‘शहीद’ हा शब्द मुख्यतः साक्षीदार याच अर्थाने येतो. पारंपरिक उत्तर असं, की धर्मासाठी मेलेल्याच्या वतीने देवदूत साक्ष देतात. गोल्डत्सिहर हा हंगेरियन पंडित मात्र ख्रिस्ती प्रभावाकडे बोट दाखवतो. ग्रीक ‘मार्तुस’ म्हणजेही आधी साक्षीदारच, आणि सिरियाक ‘साहदा’त दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. माझं मत गोल्डत्सिहरच्या पारड्यात. शेजारी नांदणाऱ्या भाषा नेमक्या एकाच वळणावर योगायोगाने वळल्या, हे मला पटत नाही. देवदूतांचं स्पष्टीकरण अर्थ बदलून झाल्यावर सुचलेलं दिसतं.

स्वाहिलीने दोन्ही अर्थ जपले. आपल्याकडे शब्द फारसीच्या वाटेने आला आणि फक्त मरण उरलं. पुढे सावरकरांचा ‘हुतात्मा’ रुळला. त्यात आहुती आहे, पाहणारा डोळा नाही. तो आपल्या ‘साक्षी’त आहे. पाणिनीने हा शब्द ‘साक्षात्’पासून, प्रत्यक्ष पाहणारा या अर्थाने साधला. त्याला आपण फारसी ‘दार’ चिकटवून कोर्टात उभा केला, ते वेगळं.

आणि जुन्या निवाड्याचा कागद, ‘महजर’? तोही अरबी, ‘हजर’च्याच धातूतला. गोतसभेत हजर असलेल्यांनी निवाड्याच्या कागदावर आपापली निशाणी करायची, कुणब्याने नांगराची. नकाशावरची खूण मला त्या नांगराच्याच गोतातली वाटते.

पण २०१७ला माझी कुळकथा अडखळली. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियाच्या अल-वेरफल्ली या लष्करी कमांडरविरुद्ध वॉरंट काढलं. ३३ जणांच्या हत्येचा आरोप होता आणि मुख्य आधार समाजमाध्यमांवर पसरलेल्या चित्रफिती. त्यांतल्या काही खुद्द त्याच्याच तुकडीने फेसबुकवर टाकलेल्या. आता त्या कॅमेरा धरणाऱ्याला शाहिदी म्हणायचं का? व्युत्पत्ती म्हणते, म्हणा. माझी जीभ वळत नाही.