आमची मॅटाडोर आणि हौद्यातली एक फळी

आमच्या बेळगावात कुठलीही छोटी मालगाडी म्हणजे ‘टेम्पो’. पण हे मुळात कंपनीचं नाव. १९५८ साली नवलमल फिरोदियांनी जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्यानं बजाज टेम्पो सुरू केली. आधी तीनचाकी हॅन्सिएट आली, मग मॅटाडोर. मॅटाडोरचं इंजिन पुढचीच चाकं फिरवायचं. मागे जाणारा शाफ्ट नाही, म्हणून हौदा जमिनीपासून कमी उंच आणि पोती चढवायला सोपा.

आमचे बाबा तिच्यातूनच गोव्याला भाजी न्यायचे. ते गेले आणि गाडी परसात पंधरा पावसाळे उभी राहिली. गेल्या वर्षी दादानं ती घरीच उघडली. गंजलेला पत्रा कापून नवा जोडला. बाजारात न मिळणारे बुश उद्यमबागेत लेथवर करून आणले. फौंड्रीच्या गावात राहण्याचं तेवढं सुख आहे की! हौद्याला नव्या फळ्या आणि बसायला दोन बाक, असा त्याचा बेत.

जुन्या फळ्या जळणाला काढल्या, तेव्हा आईनं एक उचलून घेतली. तिच्यावर बाबांनी खिळ्यानं कोरलेली उधारी होती. दोन नावांवर काट नव्हती. आई म्हणाली, “त्या वर्षी त्यांच्या घरात मयत झालं होतं. ह्यांनी मागितलेच नाहीत.”

ती फळी दादानं न तासता, न रंगवता तशीच बसवली. तुमच्याही परसात अशी गाडी असेल, तर भंगारात देण्याआधी हौदा एकदा नीट बघा.